साडूची बोट आणि माझी सही

साडूने बोट घेतली याचं मला काहीही वाटलं नाही. हे वाक्य मी त्या वर्षी बायकोला इतक्या वेळा ऐकवलं, की एकदा मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "तुला काही वाटत नाही ते कळलं रे. आता जरा कमी वाटू दे."

खरं सांगायचं तर बोट मी पचवली असती. पचला नाही तो तक्ता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि ऑस्ट्रेलियात माझ्यानंतर नऊ वर्षांनी आलेला. आली तेव्हा दोघं सहा आठवडे आमच्याकडे, सिडनीत क्वेकर्स हिललाच होती. लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा आणि पिवळ्या झाकणाचा कधी, इथपासून त्याची सुरुवात होती. मग मी त्याला फ्रिजवरचा आमचा तक्ता दाखवला. काम, वार, कोणी करायचं, सही. साडू त्या तक्त्यासमोर दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, एक नंबर सिस्टीम आहे." मला बरं वाटलं. घरात आजवर त्या तक्त्याला कोणी सिस्टीम म्हटलं नव्हतं. मुलीने तर त्यावर पिझ्झाचं कूपन चिकटवलं होतं.

त्यानंतर या माणसाचं काय झालं देव जाणे, पण तो थांबेचना. आधी आमच्यापेक्षा बरी नोकरी, मग आमच्यापेक्षा मोठं घर, मग मागे पोहण्याचा तलाव. प्रत्येक वेळी मी घरी एक समजूतदार वाक्य बोलायचो. "मोठं घर म्हणजे झाडायला मोठं." "तलाव म्हणजे नुसती कटकट." बायको "हो ना" म्हणायची आणि रविवारी टॉवेल घेऊन त्यांच्याकडे पोहायला जायची.

मग त्याने बोट घेतली.

तीही साधीसुधी नाही. कोणा निवृत्त इंग्रज माणसाने मायदेशातल्या कालव्यांची आठवण येते म्हणून आपल्या शेडमध्ये बसून बांधलेली, बारा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद, सगळी पोलादी. चाळीच्या गॅलरीवर छप्पर घालून ती पाण्यात सोडावी तशी. इंग्लंडातले कालवे अरुंद, म्हणून तिथे बोटी अशा असतात म्हणे. इथे हॉक्सबरी नदीचं पात्र एवढं रुंद, की त्यात ती बोट बीचवर टाय लावून आलेल्या माणसासारखी दिसायची. पण आत चुलीपासून पलंगापर्यंत सगळं होतं, आणि खिडकीला लेसचे पडदे.

पहिल्या फेरीला आम्ही सगळे गेलो. सगळ्यांनी कौतुक केलं. मी भिंतीवर टकटक करून म्हणालो, "स्टील आहे. गंजणार."

"हो ना भाऊजी, म्हणूनच तर," असं म्हणून साडूने मला मागच्या दाराशी नेलं. दाराच्या आतल्या बाजूला तो तक्ता होता. मोठ्या कागदावर, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेला. रोज, दर आठवड्याला, दर महिन्याला, इंजिन अडीचशे तास चाललं की, वर्षातून एकदा. प्रत्येकाला वेगळा रंग. काय तपासायचं, कशाने, न तपासल्यास काय होईल. बॅटऱ्या, पट्टा, तेल, आग विझवायचं नळकांडं, वर्षातून एकदा बोट बाहेर काढून तळाला रंग. शेवटी तारीख, शेरा आणि सही. शेजारी दोरीला बांधलेलं पेन.

"तुमच्या फ्रिजवरच्यावरूनच केलाय," साडू म्हणाला. "जरा डेव्हलप केला."

जरा.

आता मी पोटापाण्यासाठी काय करतो ते सांगायला हवं. मी एका हॉस्पिटलात मेंटेनन्स प्लॅनर आहे. लिफ्ट, बॉयलर, जनरेटर, कशाची तपासणी कधी करायची याची वेळापत्रकं बनवणं हाच माझा धंदा. वीस वर्षं तेच करतोय. नव्या माणसांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगतो, की काम राहिलं तर चालेल, पण न केलेल्या कामापुढे सही करू नका. रिकामा चौकोन निदान खरं बोलतो. आणि इतकं सगळं सांगणाऱ्या माझ्या स्वतःच्या घराच्या पन्हळीत निलगिरीची पानं साचून त्यातून एक रोपटं वर आलंय, हेही सांगून टाकतो, नाहीतर बायको सांगेल.

नशिबाने एखाद्याला बोट मिळते, त्याला इलाज नाही. पण दिवसभर कॉम्प्युटरवर बँकेची कामं करणाऱ्या माणसाला तक्ता माझ्यापेक्षा चांगला जमावा?

"काय झालं?" परत येताना गाडीत बायकोने विचारलं.

"काही नाही. अडीचशे तासांच्या रकान्याचा रंग चुकलाय त्याचा."

ती खिडकीबाहेर बघत हसली. मला काचेत दिसलं.

पुढच्या सप्टेंबरात साडूच्या वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पुण्यात ठरलं. दोघं अडीच महिन्यांसाठी निघाली. आदल्या रविवारी जेवणं झाल्यावर त्याने सगळ्यांसमोर बोटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "दर शनिवारी एक चक्कर, भाऊजी. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही. तुमचा तर हातखंडाच तो." मग जरा थांबून म्हणाला, "बाबांचं टेन्शन आहेच. त्यात हिचं नको. आल्यावर तरंगताना दिसली म्हणजे झालं."

एवढंच माझ्यावर होतं. तरंगती बोट तरंगती परत द्यायची.

मुख्य काम होतं मागच्या बाजूला. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथे बोटीच्या पोटातून बाहेर पाण्यात जातो, तिथे ग्रीस भरलेलं असतं. वर एक पितळी टोपी. ती दर आठवड्याला एक फेरा पिळायची, म्हणजे आत नवं ग्रीस ढकललं जातं आणि पाणी बाहेरच राहतं. तरी चार थेंब येतातच. ते इंजिनाखाली तळात साठतात आणि तिथला एक छोटा पंप आपोआप ते बाहेर टाकतो. टोपी पिळा, तळ स्वच्छ ठेवा, पंप चालतो का बघा, सही करा. शाळकरी पोरालाही जमेल असं काम.

पाच शनिवार मी ते चोख केलं. चोख कसलं, मी त्या बोटीच्या प्रेमातच पडलो. घरून चाळीस मिनिटं गाडी चालवत जायचो, टोपी पिळायचो, सही करायचो आणि मग उगाच तीन तास बसायचो. गॅसवर चहा करून लेसचा पडदा बाजूला सारायचो. एकदा कायाकमधून एक जोडपं जवळून गेलं. बाई म्हणाली, "ब्यूटीफुल बोट. यू मस्ट लव्ह हर."

"आय डू," मी म्हणालो. "बट अ लॉट ऑफ वर्क."

खोटं काही बोललो नव्हतो. पण त्या दिवशी घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं नाही.

मग दसरा आला. मेहुणीचा पुण्याहून फोन आला, "भाऊजी, खंडेनवमीची बोटीची पूजा कराल ना? गाडीची करतो तशीच. नाहीतर मला चैन पडणार नाही." खंडेनवमी त्या वर्षी आठवड्याच्या मध्ये होती, पण इथे आपले सगळे सण शनिवारी येतात, त्याप्रमाणे तीही शनिवारी आली.

साधी पूजा करून मी परत आलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी सकाळीच इंडियन दुकानातून झेंडूचे तीन हार घेतले. एक पुढे नाकावर घातला, एक सुकाणूला. तिसरा सगळ्यात मोठा. फळ्या उचलून तो मी इंजिनालाच घातला. हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली, आणि अक्षता चांगल्या दोन मुठी उधळल्या. पुढच्या पोलादी टोकावर नारळ फोडला. शेजारच्या बोटीवर एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा कायमचा राहतो. तो कॉफीचा मग घेऊन बघत होता. मी त्याला खोबरं आणि पेढा दिला.

"व्हॉट्स द ओकेजन, मेट?"

मी सांगितलं की वर्षातून एकदा आम्ही यंत्रांना थँक्यू म्हणतो.

तो जरा विचार करून म्हणाला, "फेअर इनफ. नोबडी एल्स डझ."

मग त्यालाच फोन देऊन मी फोटो काढून घेतला. इंजिनाशेजारी मी, कपाळाला कुंकू, एक हात इंजिनावर. फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "खंडेनवमीच्या शुभेच्छा." आणखी काही लिहिलं नाही. तिथेच मी चुकलो, आणि तेव्हाच मला ते माहीत होतं.

पाच मिनिटांत नाशिकच्या आत्याचा मेसेज आला. "अभिनंदन!! बोट घेतलीस? कधीपासून मनात होतं?" मग नागपूरचे काका, मग बायकोची मावसबहीण. "छुपे रुस्तम निघालात." हात जोडलेले, टाळ्या, नारळाच्या झाडाचं एक चित्र. मी गाडीत बसून ते वाचत होतो. "अहो, बोट साडूची" एवढे तीन शब्द टाइप करायला मला वेळ होता. मी एक हसरा चेहरा टाकला.

फुलं काढायला हवी होती. पण पूजेची फुलं त्याच दिवशी काढू नयेत असं आपल्यात असतं, आणि रविवारी पुन्हा चाळीस मिनिटं कोण जाणार? पुढच्या शनिवारी निर्माल्य काढू, असं ठरवलं.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "ग्रुप बघितला. आत्याला काही सांगितलं नाहीस?"

"सांगतो की. घाई काय आहे?"

"मला काही नाही. उद्या ती बोटीवर राहायला येते म्हणाली तर मला विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर साडूचा मेसेज आला. मला वाटलं, आता हा सगळ्यांना सांगणार बोट कोणाची ते. त्याने त्यातलं काहीच लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, "फोटो मस्त भाऊजी 🙏 मागे तक्ता दिसतोय. झूम केलं. कालची ग्रीसची सही राहिलीय बहुतेक."

खरंच राहिली होती. पूजेच्या गडबडीत मी टोपी पिळलीच नव्हती.

आत्याने खाली विचारलं, "तक्ता कसला?"

मी फोन उलटा ठेवला. वीस वर्षं मी लोकांच्या रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवतोय, आणि पन्नाशी उलटल्यावर माझ्या चौकोनावर दहा हजार किलोमीटरवरून, तेही सगळ्या खानदानासमोर. वॉलॉंगॉंगला युनिमध्ये शिकणारी मुलगी घरी आली होती. तिने माझा चेहरा बघितला आणि मग ग्रुप बघितला. "बाबा, यू आर सो जेलस," ती टोस्टला बटर लावत म्हणाली. भांडण नाही, टोमणा नाही. बाहेर ढग आहेत असं सांगावं तसं.

पुढच्या शनिवारी मी बोटीवर गेलो नाही. पाऊस आहे असं बायकोला सांगितलं. पाऊस होता, पण तो माझ्यासाठी नव्हता. मी रुसलो होतो. ज्याच्यावर रुसलो होतो तो पुण्यात बापाला वॉकर धरून चालवत होता आणि त्याला या रुसव्याची कल्पनाही नव्हती.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी ऑफिसात फोन वाजला. दाढीवाला म्हातारा. शेजाऱ्यांकडे माझा नंबर ठेवणे, असा मुद्दा तक्त्यात होता. अर्थात होता.

"मेट, युअर बोट्स सिटिंग अ बिट लो इन द बम."

मी रस्त्यात किती लाल दिवे पाहिले मला आठवत नाही. एवढं आठवतं की पहिला विचार आला तो बोट बुडेल हा नव्हता. पहिला विचार आला, आत्याला आता कळणार. दुसरा विचार बोटीचा आला. तिसऱ्या विचाराची मला आजही लाज वाटते. क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं.

मागची बाजू खरंच खाली गेली होती. फळ्या उचलल्या तर इंजिनाखाली पाणी, आणि पाण्यावर झेंडू. पाकळ्या सुटून सगळीकडे पसरल्या होत्या. म्हाताऱ्याने बाही वर करून तळाशी हात घातला आणि पंपाच्या जाळीवरून मूठभर पांढरा लगदा काढला. तो लगदा त्याने तळहातावर ठेवून निरखून पाहिला.

"इज दिस राइस?"

"यस," मी म्हणालो.

"कुक्ड?"

"नॉट वेन आय पुट इट."

त्याने मान हलवली आणि मला बादली दिली. दोन आठवडे टोपी पिळली नव्हती, म्हणून थेंब वाढले होते, वरून पाऊस आला होता, आणि तांदूळ फुगून पाकळ्यांसकट जाळीवर बसले होते. पंप बिचारा त्यातूनच ओढत राहिला आणि शेवटी बंद पडला. पाणी इंजिनाच्या स्टार्टरच्या बोटभर खाली थांबलं होतं. मागच्या खोलीची लाकडी जमीन मात्र भिजून फुगली होती. साडूने स्वतः पॉलिश केलेली.

दीड तास आम्ही पाणी उपसलं. पंप धुतला तसा तो घरघरला आणि सुरू झाला. म्हातारा हात पुसत म्हणाला, "शी'ल बी राइट. आय वोंट से नथिंग," आणि आपल्या बोटीवर गेला.

मी तक्त्यासमोर उभा राहिलो. ओळीने पाच सह्या, मग दोन रिकामे चौकोन. दोरीला पेन. म्हातारा बोलणार नव्हता. जमिनीला काय, पावसाचं पाणी दारातून आलं म्हणता आलं असतं. पाऊस तर होताच. दोन सह्या, दहा सेकंद. माझी सही मला डोळे मिटून येते.

मी पेन हातात घेतलं आणि मला त्या नव्या माणसांचे चेहरे आठवले, ज्यांना मी पहिल्या दिवशी तेच ते वाक्य ऐकवतो. त्यातली निम्मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असतात. त्या क्षणी मलाही खिडकीबाहेर बघावंसं वाटलं.

दोन्ही चौकोन रिकामे ठेवून मी शेऱ्यात लिहिलं, "तपासणी केली नाही. पहिल्यांदा विसरलो. दुसऱ्यांदा मुद्दाम आलो नाही. पंपात अक्षता व झेंडू. चूक माझी." खाली मात्र सही केली. तक्त्याचा फोटो काढला आणि साडूला पाठवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "बाबांना काल जिना चढवला. पंप आता चालतोय ना?"

"चालतोय."

"मग झालं. आल्यावर बघू."

हे 'मग झालं' चार वेळा वाचलं. तो चिडला असता तर मला जरा सोपं गेलं असतं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस साडू म्हणून मिळणं म्हणजे एक शिक्षाच असते.

मग मी ग्रुपवर लिहिलं, "खुलासा. फोटोतली बोट माझी नाही, साडूची आहे. मी फक्त सांभाळतोय, तेही जेमतेम." नाशिकच्या आत्याने लगेच उत्तर दिलं. "आम्हाला वाटलंच." काकांनी अंगठा दाखवला. टाळ्यांपेक्षा अंगठे जास्त आले.

पुढचे शनिवार मी ती जमीन उखडून वाळवण्यात आणि चार नव्या फळ्या बसवण्यात घालवले. पॉलिशचा रंग जुळला नाही. बायको एकदा मदतीला आली. फळीवर बसून डबा उघडला, पोळीभाजी खाल्ली, नदीकडे बघत म्हणाली, "छान आहे रे ही बोट."

"आहे," मी म्हणालो. तेवढं मला त्या दिवशी जमलं.

नोव्हेंबरात साडू परत आला आणि विमानतळावरून घरी जायच्या आधी बोटीवर आला. खाली वाकून पंप बघितला. नव्या फळ्यांवरून बूट काढून चालला. मी तयार केलेलं भाषण मनात घोळवत मागे उभा होतो. त्याने तक्ता वाचला. सावकाश, शेऱ्यासकट.

"भाऊजी, किती तांदूळ टाकले होते?"

"दोन मुठी."

"हिने मागच्या वर्षी गाडीच्या बॉनेटवर चार टाकले होते," तो म्हणाला. "एसीतून दिवाळीपर्यंत येत होते." मग त्याने त्या न जुळणाऱ्या पॉलिशवर पायाचा अंगठा फिरवला. तो अंगठा मला अजून आठवतो.

पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा त्याने मला नव्या तक्त्याची प्रत दाखवली. वर्षातून एकदाच्या रकान्यात एक नवी ओळ होती. "खंडेनवमी: पूजा फक्त सुकाणूपाशी. अक्षता पाच दाणे. निर्माल्य दुसऱ्या दिवशी काढणे." आणि जबाबदारीच्या चौकोनात, छापील अक्षरात, "भाऊजी".

"म्हणजे पुढच्या वर्षीही मीच?"

"म्हणजे काय, तुम्हीच," तो आमटी वाढत म्हणाला. "ज्याच्या हातून एकदा झालंय, तो परत नाही करत. तुम्हीच सांगितलं होतं हे मला, आमच्या पहिल्या आठवड्यात. मी पिवळ्याऐवजी लाल डबा बाहेर ठेवला होता तेव्हा."

मी प्रत हातात घेतली. वर्षाच्या रकान्याला आता केशरी रंग होता. अडीचशे तासांच्या रकान्याचा रंगही बदललेला होता, मी मनात ठरवला होता तोच. बायकोने त्याला कधी सांगितलं कोण जाणे. तक्ता आता बिनचूक होता. मला त्यात काढायला एकही चूक सापडेना, आणि मी बराच वेळ शोधत होतो.

"ही फाइल मला पाठवशील का?" शेवटी मी विचारलं. "घरासाठी. पन्हळी वगैरे."

समोरून बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पापडाचा मोठा तुकडा मोडून माझ्या ताटात ठेवला.